भांडण झालेल्या घराचा पत्ता

"चांगलं तं सगळेच सांगतीन, बाई. ज्याच्याशी माह्यं बिनसलं, त्याले भेटून या."

एवढं बोलून आमच्या ठेकेदारांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्यासमोरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तिरोड्याच्या एका कापड दुकानदाराचा पत्ता लिहून दिला. काम मागायला आलेला माणूस स्वतःच्या कामाचे फोटो दाखवतो, आपण बांधलेल्या मोठ्या लोकांच्या बंगल्यांची नावं सांगतो. तुमच्याकडेही असेच येत असतील. हे गृहस्थ मात्र नव्या गिऱ्हाइकाला नेहमी भांडण झालेल्या घराचा पत्ता देत.

आमचं घर गोंदियाजवळ फुलचूरला. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, म्हणजे कौलं. आजूबाजूला स्लॅबची घरं उठत गेली आणि आमचं तेवढं बसकं राहिलं. पावसाळ्यात ते दहा ठिकाणी गळायचं. मागची भिंत ओल धरून फुगली होती. मुलगा पुण्याहून फोनवर एकच सांगायचा, "आई, पाडा आणि नवं बांधा."

त्याचं चूक होतं असं नाही. पण त्याच्या बाबांची नजर काचबिंदूने गेली होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात सगळा अंधार झाला. बाहेर ते माझा हात धरून चालत. घरात मात्र कुणाचा हात लागत नसे. उठायचे, भिंतीला बोटं टेकवत स्वयंपाकघरात जायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे. नव्या घरात त्यांना हे सगळं पुन्हा शिकता आलं नसतं. ते खुर्चीत बसून राहतील आणि हळूहळू बोलणंही सोडतील, ही भीती मी मुलाला कधी नीट सांगू शकले नाही.

म्हणून ठरवलं, घर दुरुस्त करायचं. आलेल्या प्रत्येक ठेकेदाराला मी एकच प्रश्न विचारला. काम चालू असताना हे घरातच राहतील, तर कसं करणार?

पहिले गोंदियातले नावाजलेले. त्यांनी भिंतीवर दोनदा चापट मारली. "भाभीजी, इसमें कुछ नहीं रखा. तोड़ दो. साहेबांना तेवढे दिवस मुलाकडे पाठवून द्या." दुसरे तरुण होते, गोड बोलायचे. ते म्हणाले, "मॅडम, सरांना कळणारसुद्धा नाही काम चाललंय ते." सर समोरच बसले होते. ते उठून आत गेले.

तिसरे हे पत्ता देणारे. उंच, काटकुळे, खांद्यावर दुपट्टा, गोरेगावकडचे. माझा प्रश्न त्यांनी ऐकला, पण मला उत्तर दिलं नाही. खुर्ची ओढून ते यांच्याजवळ बसले.

"भाऊ, तुम्हीच सांगा जी. सकाळी उठल्यावर पहिले कुठे जाता?"

हे जरा गोंधळले. असा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मग म्हणाले, "चला, दाखवतो." दोघे घरभर फिरले. पुढे हे, मागे ठेकेदार. मी ओसरीतच थांबले. आतून यांचा आवाज येत होता, मोकळा, पूर्वी ऑफिसच्या गोष्टी सांगताना यायचा तसा.

तरीही मी तिरोड्याला गेले. दुकानदाराने ठेकेदारांचं नाव ऐकताच कपाळाला आठ्या घातल्या. "माणूस हट्टी आहे. फोन उचलत नाही. धान कापायला आला का काम टाकून गावाले पळतो. मी त्याले हाकललं."

"खोटं बोलतात का?"

त्याने हातातला कपड्याचा गठ्ठा बाजूला ठेवला. "तेच तं. विचारलं का खरं सांगे. 'शेतावर होतो' म्हणे. दुसरा असता तं सासरा मेला म्हणून सांगितलं असतं."

मी घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "फोन उचलत नसेल तर त्रास तुला होईल. पण मला चालेल हा माणूस." आम्ही काम त्यांना दिलं.

एका वेळी एकच खोली उघडायची, असं यांनी आणि ठेकेदारांनी मिळून ठरवलं. रोज सकाळी आल्यावर ठेकेदार आधी यांच्याकडे जात. "भाऊ, आज देवघराच्या बाजूनं जाऊ नका. तिथं फळ्या टाकून राहिलो." मजुरांनाही ताकीद होती, वाटेत घमेलं ठेवायचं नाही. फुगलेली भिंत उतरवून पुन्हा त्याच जागी उभी केली. खोली थोडी मोठी करू या, असं मीच सुचवलं होतं. त्यांनी यांना विचारलं. हे नको म्हणाले, तर खोली होती तेवढीच राहिली. माझा थोडा हिरमोड झाला, हेही खरं.

मग धानाची कापणी आली आणि दुकानदाराचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. मजूर गेले, आधी सांगितल्याप्रमाणे ठेकेदारही गेले. मागच्या खोलीवरचे कवेलू उतरवलेले, वर नुसतं प्लास्टिक. त्यातच अवकाळी पाऊस झाला. प्लास्टिक उडालं, खोलीत पाणी साचलं आणि यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला. त्या दिवशी हे भिंत धरूनसुद्धा उठले नाहीत. मी फोन करून करून थकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पायाला चिखल तसाच. मी दारातच त्यांना धरलं. "काम अर्धं टाकून गेलात कशाला? यांना काही झालं असतं तर?"

ते ऐकत राहिले. माझं बोलून संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "जाईन म्हणून सांगतलं होतं, बाई. पण छत पक्कं झाकून जाले पाह्यजे होतं. ते नाही झाकलं. चुकलं." पाऊस अचानक आला, मजुरांनी ऐकलं नाही, असं काहीही त्यांनी पुढे जोडलं नाही. आत जाऊन ते यांच्या पायाशी बसले आणि सुजलेला गुडघा बघत राहिले. मग स्वतः वर चढून त्यांनी ताडपत्री बांधली. उरलेली कापणी त्यांनी भावावर सोपवली, असं नंतर कळलं. छत पूर्ण होईपर्यंत ते गावाला गेले नाहीत.

सगळं झाल्यावर घर ताब्यात देण्याच्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली. खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर बांधला आणि म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही सांगा, मी चालतो." मला हसू आलं. हे ओसरीत उभे राहून सांगू लागले, डावीकडे वळा, आता सरळ. एवढा उंच माणूस हात पुढे करून चाचपडत चालला होता. न्हाणीघराच्या दारात त्यांच्या पायाची बोटं ठेचली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथे त्यांनीच नवा उंबरा घातला होता. हे त्या दारात रोज अडखळत होते, पण बोलले नव्हते. चांगल्या कामात खोट कशाला काढायची, म्हणून.

ठेकेदारांनी दुपट्टा सोडला आणि खाली बसून अंगठा चोळला. "काऊन नाही सांगतलं भाऊ तुम्ही?" आवाजात दुखावल्यासारखं काही होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उंबरा काढला आणि फरशीला आतल्या बाजूला उतार दिला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ते कवेलू फेरायला, फुटके बदलून नीट लावायला यायचे. खरं तर माणसं पाठवली असती तरी चाललं असतं. काम आटपून ते यांच्याशी गप्पा मारत बसायचे, नागझिऱ्याच्या रस्त्यावर दिसलेल्या अस्वलाची, पोरीच्या लग्नाची, न उगवलेल्या बियाण्याची. आमच्या घरी यांच्या नोकरीतले मित्र येणं केव्हाच थांबलं होतं.

गेल्या दिवाळीआधी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा शेतातून आले, पाणी मागितलं आणि गेले. आम्ही दोघं तिच्या घरी जाऊन आलो.

मला त्यांची आठवण येते ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली. कवेलू फेरून ते खाली उतरले, जेवले आणि ओसरीत बोलता बोलता भिंतीला टेकून झोपले. तोंड थोडं उघडं, केसांत कवेलूची लाल धूळ. मी चहा घेऊन आले आणि हाक मारणार होते. यांना माझी चाहूल लागली. यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"राहू दे," हे हळूच म्हणाले. "दमलाय तो."

मी चहा परत आत नेला. हे तिथेच बसून राहिले, हातातल्या वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत. कधी वारा त्यांच्याकडे जायचा, कधी नुसताच खांबाकडे.