दारावर नाकारलेला माणूस

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती केस आठवली की अजून संताप येतो.

वडील इथे इंजिनिअर होते, त्यामुळे मी जर्मनीतच वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यात नोकरी केली. एका सकाळी र्युसेल्सहाइम गावातल्या आमच्या पोलीस ठाण्यात पुण्याची एक तरुणी आली. जर्मन बोलताना अडखळत होती. मी मराठीत विचारलं तेव्हा तिला रडू फुटलं.

तिच्या इंजिनिअर नवऱ्याला जुगाराच्या मशीनचं व्यसन होतं. इथे स्वतःहून बंदी मागून घेता येते. मग परवाना असलेलं कुठलंही जुगारघर, म्हणजे श्पीलहाले, त्या माणसाला आत घेऊ शकत नाही. दारावरच ओळखपत्र तपासतात. नवऱ्याने तशी बंदी घेतली होती. तरी तो पुन्हा खेळू लागला, म्हणून एका शनिवारी ती त्याच्या मागोमाग गेली आणि तिला एक चहाचं दुकान सापडलं.

"काका, बंदी असताना त्याला आत घेतंय कोण, एवढं शोधा," ती म्हणाली.

पाळत ठेवून, झडतीचा हुकूम घेऊन आम्ही छापा घातला. दुकानामागच्या खोलीत विनापरवाना मशीन्स होती. ती जप्त केली, दुकानदाराला ताब्यात घेतलं. सहकाऱ्यांच्या मते काम संपलं होतं. पण जबाब घेताना तिथले जवळजवळ सगळेच बंदी घेतलेले निघाले, आणि ते मला खटकलं.

नवरा मान खाली घालून बसला होता. महाराष्ट्र मंडळात कळेल, याची त्याला धास्ती. शरमलेल्या माणसाला दरडावलं तर तो आणखी मिटतो, म्हणून मी फक्त विचारलं, ही खोली सापडली कशी? मग तो सांगू लागला. मोह आवरेना म्हणून तो श्पीलहालेत गेला होता. तिथल्या व्यवस्थापकाने ओळखपत्र पाहून त्याला नाकारलं, मग बाहेरपर्यंत सोडायला येऊन या दुकानाचा पत्ता दिला. इतरांनीही तेच सांगितलं. शेवटी दुकानदाराने कबूल केलं की मागच्या खोलीतल्या धंद्यात तो व्यवस्थापक त्याचा भागीदार होता.

व्यवस्थापक चौकशीत शांत होता. म्हणाला, "आम्ही कायदा पाळला. बंदी असलेल्या एकालाही आत घेतलं नाही."

ज्यांनी स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं, नेमकी तीच माणसं हा हेरत होता, आणि तेही कायद्याने दिलेल्या तपासणीच्या सोयीने. इतका निर्लज्जपणा मी खुन्यांतही क्वचित पाहिला.

नवऱ्याने न्यायालयात उघडपणे साक्ष दिली. श्पीलहालेचा परवाना गेला. व्यवस्थापक आणि दुकानदार दोघांना शिक्षा झाली, पण तुरुंगात जावं लागलं नाही. ते मला आजही पटत नाही.

तोवर श्पीलहाले तपासताना आत कोण बसलंय, एवढंच आम्ही पाहायचो. त्यानंतर मी आधी विचारायचो, ज्याला नाकारलंत, तो इथून कुठे गेला?