थुंकीच तर दिलीय

माझ्यासारख्यानं लिहावं का, ठाऊक नाही. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शब्द चुकले तर माफ करा. पण हे दुसरं कोण लिहिणार?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात बी.एस्सी.ला होतो. तोंडाचा कॅन्सर थुंकीतून आधीच ओळखता येतो का, यावर आमचे सर संशोधन करत होते. भर वर्गात त्यांनी मला उभं केलं.

"याच्या गावात तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका ढीगभर. थुंकायला यांना शिकवावं लागत नाही."

वर्ग हसला. मी मान खाली घातली. तरी थुंकी गोळा करायच्या नळ्या घेऊन हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावी गेलो. काम चांगलं आहे, असं मला खरंच वाटत होतं.

नमुना मिश्री लावायच्या आधी हवा होता. मिश्रीशिवाय बायकांची सकाळ सुरूच होत नाही. डोकं धरून बसल्या. काकी म्हणाली, "एवढं शिकलास ते थुकी गोळा कराय व्हय रं?" सगळ्या खिदळल्या. पण पुरुषांसमोर थुंकायचं कसं? एकेक जण गोठ्यामागं जाऊन नळी भरून आली.

आईच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. तिनं विचारलं, "ह्यात कळंल न्हवं, काय हाय ते?"

"व्हय की," मी म्हणालो.

त्या भरवशावर ती थांबली. वडील दवाखान्यात चल म्हणाले की म्हणायची, "पोराचं कळू दे की आधी." दिवाळी गेली. उन्हाळा आला. चट्ट्याची जखम झाली.

मी सरांकडं रिपोर्ट मागितला.

"रिपोर्ट कसला? हा अभ्यास आहे, तपासणी नाही. नळ्यांवर नावंसुद्धा नाहीत. आणि दिलंय काय त्यांनी? थुंकीच तर दिलीय." नव्या नळ्यांचा खोका त्यांनी पुढं सरकवला. "शेजारचं गाव बघ आता."

कॉलेजात दाबून ठेवलेली बोली तोंडातून बाहेर पडली. "न्हाय जाणार. आधी त्या बायकांना खरं सांगा. न्हायतर मी सांगतो."

"प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"असू देत."

दारोदार जाऊन सांगितलं. काकी म्हणाली, "म्हंजे तूच आमास्नी फशिवलास की." खरं सांगितल्याशिवाय कुणाच्या अंगातला थेंबही आता माझ्या हातून जाणार नाही.

सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एकेकीचं तोंड उघडून बघितलं. आईच्या गालाचा तुकडा तपासायला काढला.

पुढं बाईंनी मला एकट्यालाच आत बोलावलं. मी आईलाही आत घेतलं. बाईंनी तपासणीचा रिपोर्ट उघडला.

"कॅन्सर आहे. पसरलाय. एवढे महिने कुणाची वाट बघत होता?"