मिसरी म्हणजे तंबाखूच, हे आईला कसं पटवू?

आज सकाळी साडेअकरा वाजता मी आईला घेऊन धुळ्यात दातांच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त येतं, दोन दात हलतात.

डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, तंबाखू खाता का?"

"नही रे भाऊ, कधीच नही!" आई ठसक्यात म्हणाली. मीही नाहीच म्हणालो; मिसरी माझ्या डोक्यातच आली नाही.

डॉक्टरांनी तिचं काळं पडलेलं बोट धरलं. "मग हे काय?"

"ती ते मिसरी शे, दात घासानी. ती काय तमाखू शे का?"

"भाजलेली तंबाखूच ती, अक्का."

मग त्यांनी मला खालच्या हिरडीवरचा पांढरा चट्टा दाखवला. कदाचित काही नसेल, पण तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणाले. मिसरी आजपासून बंद.

घरी परतायला साक्रीच्या बसमध्ये बसताच आईने कमरेची मिसरीची डबी काढली. मी तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बंद करी का हिरड्या ठणकतस रे पोऱ्या. मी काय करू?"

मी हात सोडला आणि तिने मिसरी लावली.

तुमच्या घरी कोणी मिसरी सोडली असेल, तर सुरुवातीचं ते ठणकणं त्यांनी कसं सोसलं? कृपया आजच सांगा. उद्या सकाळी ती पुन्हा डबी उघडेल.