सातव्या पायरीचा ग्रँडमास्टर

पूल ओलांडून बाबा आणि त्यांची सून कारखान्याच्या लांबलचक भिंतीशी आले. बस सोडून चालत निघायचा हट्ट बाबांचाच. सून मनात देवाचं नाव घेत सोबत चालली होती.

बाबा जन्मभर लेथवर उभे राहिले. निवृत्त झाल्यावर लेकाने त्यांना बुद्धिबळाचा कॉम्प्युटर आणून दिला. अवघडपणाची सातवी पायरी ग्रँडमास्टरच्या तोडीची, असं खोक्यावर छापलेलं. बाबांनी घाम गाळून ती पायरी जिंकली. मग शहरात खरा ग्रँडमास्टर एकाच वेळी पुष्कळ जणांशी खेळायला येणार म्हटल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं, "डाव बरोबरीत तर सोडवतोच!"

आज हॉलमध्ये त्यांचा घोडा चुकीच्या घरात पडला, आणि त्यांनी तो सवयीने उचलून मागे ठेवला. घरच्या यंत्राला चाल मागे घ्यायचं बटण होतं ना! पंचांनी नकारार्थी मान हलवली, लोक हसले. मग डाव कोसळलाच.

सुनेला राहवेना. "बाबा, ते ग्रँडमास्टर स्वतःच म्हणाले की, यंत्र त्यांनाही हरवतं. मग एवढं मनाला का लावून घ्यायचं?"

"अगं, पूर्ण ताकदीने खेळलं तर हरवतं. सातव्या पायरीवर ते आपल्यासाठी मुद्दाम मध्येच माती खातं. मी त्याची वाट बघायला शिकलो. हा माणूस कशाला खाईल माती? आणि मी जिंकलो तेही चाली मागे घेऊन घेऊन."

"मग टाकू ते खोकं माळ्यावर?"

"टाकायचं कशाला? पुढच्या वर्षी तो परत येणारे. मी परत बसणार."

"लोक पुन्हा हसतील."

"हसू देत. त्यांचे दात मला थोडेच घासायचेत?"

सुनेला हसू आवरेना. बाबा मात्र भिंतीला हात टेकून थांबले.

"तुला मोहरे चालवता येतात ना?"

"येतात. पण तुमच्यापुढे माझा काय टिकाव लागणार?"

"नाही लागला तर नाही. रोज संध्याकाळी फक्त समोर बस. मी मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा. कितीही गयावया केली, तरी चाल मागे घेऊ देऊ नकोस. लेकाला सांगितलं असतं, पण त्याला माझी दया येते. तू सून आहेस. तू सोडू नकोस मला."