बाराही पॉझिटिव्ह

देवळीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी रक्त तपासायची. आमचा आरोग्यसेवक गावोगाव फिरून ताप आलेल्यांचं बोट टोचायचा, काचेवर थेंब घ्यायचा. त्यात मलेरियाचे जंतू शोधायचं काम माझं. महिन्याला ठरावीक काचा भरल्याच पाहिजेत असा वरून दट्ट्या. लोकांना ताप असो वा नसो. त्या टार्गेटची मला तेव्हाही शिसारी यायची, आजही येते.

एकदा त्यानं एकाच गावच्या बारा काचा आणल्या. बाराही पॉझिटिव्ह! मी घाबरून केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना कळवलं, साहेबांनी लगेच जिल्ह्याला. मग काचा सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा लावून नीट पाहिल्या. सगळीकडे तेच रक्त, एकाच पातेल्यातलं वरण बारा वाट्यांत वाढल्यासारखं. मी त्याला बोलावलं.

"भाऊ, डावा हात दाखवा."

बोटाची चाळणी झाली होती आणि हात तापानं भाजत होता.

"लोकं सोयाबीन काढाले गेलते, मॅडम. घराघराले कुलूप. काचा कोठून आणू? नावं त्यायची टाकली, रक्त माह्यं." तो कुडकुडत म्हणाला. "चार दिवसांपासून थंडी वाजून राह्यली."

"मग स्वतःच्या नावानं तपासून घ्यायचं ना!"

"मंग बाकीच्या अकरा उघड्या पडतीन. नौकरी जाईन माही."

मी तडक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अहवाल गेला. आता बारा म्हणजे बारा. तुम्ही गप्प बसा." आणि मी बसले.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाले, जीप, सगळा लवाजमा गावात हजर. काचांवर नावं असलेल्या बारा धडधाकट माणसांना ओट्यावर बसवून कडू गोळ्या गिळायला लावल्या. गोळ्या वाटायला होता तोच आरोग्यसेवक, तापानं फणफणलेला. त्याच्यासाठी मात्र गोळी नव्हती, कारण यादीत त्याचं नाव नव्हतं. एका म्हातारीनं गोळी थुंकून टाकली.

"मले काईच झालं नाई. काऊन चारता हे?"

ती तणतणत घरात गेली, तेव्हा तिच्या गोळ्यांचं उरलेलं पाकीट मी त्याच्या हातात कोंबलं. "घ्या, गिळा," म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. मला मात्र त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

पंधरवड्यात तो ठणठणीत झाला. मी रजिस्टर उघडलं, म्हातारीच्या नावापुढे 'बरी झाली' असं लिहिलं, आणि मला माझ्याच अक्षराची किळस आली.