पडवीतला फ्रिज

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमो सुरू झाली की पुढं मूल होईलच असं सांगता येत नाही. हवं असेल तर आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवू. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पोटात इंजेक्शन घ्यायचं, एकही चुकवायचं नाही, आणि औषध फ्रिजमध्येच ठेवायचं. छातीतली गाठ राहिली बाजूला, जुन्नरपर्यंत एसटीत मी फ्रिजचाच विचार करत आले.

आमचा फ्रिज स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याशेजारी. आणि आमच्याकडे पाळीचे चार दिवस बाईनं पडवीत बसायचं. लग्न झाल्यापासून मी यावर धुसफुसत होते, पण बसत होते.

पाळी आली. दुसऱ्या दिवशी नवरा कांदा घेऊन ओतूरच्या बाजारात गेलेला, सासूबाई शेतात. वेळ टळत चालली, तरी मी स्वयंपाकघराच्या दाराशी येरझाऱ्याच घालत होते. एक पाय आत टाकायचा, मागं घ्यायचा. स्वतःचाच संताप आला. शेवटी घुसले आत, इंजेक्शन काढलं आणि वळते तो दारात सासूबाई, डोक्यावर घासाचा भारा.

"आत्या, काय शिंपडायचं ते शिंपडा," मी फणकारले, "पण मला मूल हवंय."

त्या भारा घेऊन तशाच गोठ्याकडे वळल्या. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. मी पडवीत येऊन सुई टोचून घेतली.

सकाळी पाहते तर नवरा आणि शेजारचे भाऊजी फ्रिज ओढत पडवीत आणतायत.

"त्यो हितंच ऱ्हाईल," सासूबाई म्हणाल्या. "तुजं तू काढून घे. कुणाची वाट बगू नको."

"बिबट्या येईल की दुधाला," नवरा म्हणाला.

"यिऊ दे."

बीजं निघाली, गोठवली. मग केमो लागली. केस गेले, पाळीही थांबली. ती परत येईल का, हे डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. ज्या चार दिवसांना मी शिव्या घातल्या, त्यांचीच आता रोज वाट बघते.

फ्रिज अजून पडवीतच. दूध-भाजीसाठी सासूबाई दिवसभर गुडघे धरून आत-बाहेर करतात. परवा मला राहवेना.

"आत्या, घ्या ना तो आत. मी आता कुठं बाहेर बसतेय?"

"आसू दे," त्या म्हणाल्या. "पाळी यायचीये तुजी. तवा परत कोण वढत बसंल?"