सव्वीस फुटांचं घर मागे घ्यायला शिकले, त्याची गोष्ट

वेस्ट विंडसरचं चार बेडरूमचं घर विकून आम्ही ट्रेलरमध्ये राहायला निघालो, तेव्हा एडिसन गावातल्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. त्याला दोन वर्षं झाली. सव्वीस फुटांचा ट्रेलर, तो ओढायला पिकअप ट्रक आणि नवरा विवेक, एवढा संसार. मुक्काम कॅम्पग्राउंडमध्ये. वीज-पाण्याच्या जोडणीसकट रोजचे साधारण चाळीस डॉलर, आठवडाभर राहिलं तर स्वस्त. सकाळचा चहा बाहेर, मग स्वयंपाक, धुणं, संध्याकाळी शेजाऱ्यांची विचारपूस. तुमचाही असा बेत असेल तर कुकर लावण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आमची पहिली शिट्टी ऐकून तिघंजण धावत आले होते.

कामाची वाटणी पक्की होती. गाडी विवेकने चालवायची, बाकी सगळं मी. या जूनमध्ये कोलोरॅडोत तो ट्रेलरच्या पायरीवरून घसरला आणि उजवा खांदा मोडून घेतला. दोन महिने ड्रायव्हिंग बंद. लगेच टेक्सासमधल्या प्लेनोहून आमच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला.

"आई, इनफ. मी ट्रेलरसाठी बायर शोधलाय. ड्रायव्हर हायर करते, तुम्ही फ्लाइटने या. तुमची रूम रेडी आहे."

मुलगी गुणाची आहे, खोलीही मोठी आहे. पण एकदा त्या खोलीत शिरलो की आमचं भटकणं संपलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. फोनवरच रडू आलं. मग म्हटलं, "ड्रायव्हर नको. ट्रेलर मी आणते. नाही जमलं तर खुशाल विका."

सरळ चालवायची मला भीती नव्हती. खरी परीक्षा मागे घेताना, कारण ट्रेलर स्टीअरिंगच्या उलट वळतो. विवेक मागे उभा राहिला आणि मंगल कार्यालयाबाहेर गाड्या लावणाऱ्याच्या थाटात "येऊ दे, येऊ दे" सुरू झालं. त्याचा उजवा हात झोळीत, त्यामुळे उजवीकडे वळायचं तरी हलायचा डावाच हात. पाच मिनिटांत मी पिकनिक टेबलावर धडकले आणि मागचा दिवा फुटला.

शेजारी डार्लीन होती. वय सत्तर, एकटीच ट्रेलर घेऊन देश फिरते. ती आली आणि म्हणाली, "आधी नवऱ्याला खुर्चीत बसव." मग शिकवलं. हात स्टीअरिंगच्या तळाशी धरायचा, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवायचा. शंका आली की थांबायचं, उतरायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आठ दिवस रोज सकाळी मी रिकाम्या खडीच्या मैदानात सराव केला. विवेक खुर्चीत शेंगा सोलत बसायचा. गप्प बसणं त्याला खांद्यापेक्षा जड गेलं.

मग नवा दिवा बसवून निघालो. चार दिवसांचा प्रवास, रोज दोनशे-सव्वादोनशे मैल. जास्त करू नका, कंबर बोलायला लागते. ट्रेलर ओढताना गॅलनला जेमतेम दहा मैल मिळतात, तेव्हा टाकी अर्धी झाली की भरून घ्या. न्यू मेक्सिकोत एका साध्या हॉटेलात हिरव्या मिरचीचा रस्सा खाल्ला, इतका झणझणीत की विवेकने दुसरी वाटी मागवली. टेक्सासच्या उत्तरेला मात्र आडव्या वाऱ्याने घाम फोडला. शेजारून ट्रक गेला की अख्खा ट्रेलर डुलायचा.

"साठच्या वर नेऊ नकोस हं," विवेक म्हणाला.

"पंचावन्नवर आहे. तू डोंगर बघ."

"इथे डोंगर कुठायत?"

"मग शोध."

मुक्ताच्या कॉलनीत ट्रेलर लावू देत नाहीत, म्हणून गावाबाहेर तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा घेतली होती. आरपार जागा मिळत होती, तिथे मागे घ्यायची गरजच नसते. मी मुद्दाम दोन ओकच्या झाडांमधली अरुंद जागा मागितली. मुक्ता हाताची घडी घालून उभी होती.

"आई, प्लीज. ही जागा खूप टाइट आहे. मी कुणालातरी हेल्पला बोलावते."

मी दोनदा थांबले, उतरले, बघितलं, पुन्हा चढले. कुणीही "येऊ दे" म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला दोन्ही झाडांना दीड-दीड फूट सोडून ट्रेलर आत बसला. मी इंजिन बंद केलं. आयुष्यात इतकी खूश मी फार थोड्या वेळा झाले असेन.

मुक्ता फोन घेऊन बाजूला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "बायरला कॅन्सल केलं," ती म्हणाली. "बाय द वे, ते दीड फूट मी मोजलंय, आई."

आता आमचं घर पुन्हा लावलंय, यावेळी अर्कान्सासच्या एका नदीकाठी. या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर रस्ते आणि डोंगर पुसट होतील, पण तेहतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर का बसले, हा प्रश्न काही जात नाही. विवेकचा खांदा बरा झाला. परवा त्याने ट्रकची किल्ली मागितली. मी कणकेची परात पुढे केली. खांद्याला मळण्यासारखा व्यायाम नाही, असं त्याचा फिजिओथेरपिस्टच म्हणाला होता.